आडनाव, गाव आणि गेट पास

आजचा विषय पत्रिकेवर असा छापला आहे: ‘गोरेपणाचा विशेषाधिकार आणि नोकरीतली विषमता’. पत्रिका वाचून एक-दोघांनी मला विचारलं, सर, जालना एमआयडीसीत गोरे कुठून आणणार? (हशा) प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी थोडा वेळ अमेरिकेत जाऊन येऊ. तिथून एक मोजपट्टी घेऊ आणि ती आपल्याकडे लावून बघू. बाकीचा वेळ इथलंच बोलायचं आहे.

‘विशेषाधिकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजा-महाराजा येतो, नाहीतर आमदाराचा मुलगा. इथे तो अर्थ नाही. इथला अर्थ इतकाच, की एखादी अडचण मला कधी आलीच नाही आणि आली नाही म्हणून ती आहे हेच मला माहीत नाही. पेगी मॅकिंतॉश नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी १९८८ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यांचं निरीक्षण साधं होतं. बायकांवर अन्याय होतो हे पुरुष मान्य करतात, पण त्यामुळे आपल्याला काही जास्तीचं मिळतं हे मान्य करत नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं की गोरी बाई म्हणून आपणही काळ्या लोकांच्या बाबतीत हेच करतो. आणि त्या रोजच्या फायद्यांची यादी करायला बसल्या.

आता कुणी म्हणेल, ही झाली भावना, पुरावा काय? पुरावा मोजून काढला तो दोन अर्थशास्त्रज्ञांनी, मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन. मुल्लैनाथन मूळचे तमिळनाडूचे. बॉस्टन आणि शिकागोच्या वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिराती येत, त्यांना या दोघांनी बनावट बायोडाटे पाठवले, जवळजवळ पाच हजार. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत चालणारी नावं, काहींवर लाकीशा, जमाल अशी काळ्यांत चालणारी. अभ्यास २००४ मध्ये छापून आला. गोऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक फोन आला, काळ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. म्हणजे एका फोनसाठी जमालला पाच अर्ज जास्त करायचे. ग्रेगला हे कधीच कळणार नाही. त्याला वाटणार की माझा बायोडाटा चांगला होता. चांगला होताच. जमालचाही तेवढाच चांगला होता.

हीच पद्धत आपल्या देशात लावली सुखदेव थोरात यांनी. अमरावती जिल्ह्यातला माणूस, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला. त्यांनी आणि न्यूयॉर्कच्या पॉल अॅटवेल यांनी मिळून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. जात कुठेही लिहिली नव्हती. फक्त आडनावं बदलली होती: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लीम नावं. सगळे चांगल्या विद्यापीठांतले पदवीधर दाखवले होते. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निकाल आला. सवर्ण नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता एक धरली, तर दलित नावाला ती साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश.

लक्षात घ्या, इथे अजून कुणी समोर आलेलंच नाही. मुलाखत नाही, इंग्रजी बोलता येतं की नाही हा प्रश्न नाही, कपडे नाहीत, रंग नाही. एका कागदावर एक आडनाव आहे, बस. ‘त्यांच्यात गुणवत्ता कमी असते’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. इथे गुणवत्ता संशोधकांनी स्वतःच्या हाताने सारखी करून ठेवली होती.

आता मराठीत एक गंमत आहे. म्हणजे गंमत म्हणायचं. दिल्लीच्या साहेबाला आडनाव पुरतं, आपल्याला पुरत नाही. जाधव म्हटल्यावर काय कळतं? मराठा असेल, बौद्ध असेल, बंजारा असेल. पवार, चव्हाण, मोरे, शिंदे, गायकवाड, तसंच. मग पुढचा प्रश्न येतो: गाव कोणतं? गाव सांगितलं की, गावात कुठे राहता? तेही सांगितलं की, वडील काय करतात? तरी अंदाज आला नाही तर शेवटचं अस्त्र: पाहुणे कुठले? (हशा) तुम्ही हसलात, कारण तुम्हाला हे माहीत आहे. विचारणारा वाईट माणूस नसतो. तो चहा मागवून प्रेमाने विचारतो. त्याला विचारलं तर म्हणेल, अहो ओळख करून घेत होतो.

सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्ली परिसरातल्या पंचवीस कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून हेच टिपलं. जातीचा प्रश्नच येत नाही, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं अधिकारी सांगत. आणि त्याच दमात सांगत, की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी आम्ही विचारतोच. का? तर घरच्या वळणावरून माणूस कळतो. वडील शिकलेले, बहीण नोकरीत, घर शहरातलं, की झाला तो संस्कारी. ज्याची शिकणारी ही पहिलीच पिढी, त्याचा बाप शिकलेला असणार कसा? तो प्रश्न जातीचा नाही, पण उत्तर जातीचं येतं.

चला, आता जालन्यात येऊ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी, बाजारपेठेची. आजचं सोनं दोन ठिकाणी आहे. एक बियाण्यात, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली तेव्हापासून. दुसरं लोखंडात. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं, रोलिंग मिलमध्ये त्याची सळई ओढायची. महाराष्ट्रात घर बांधताना जालन्याची सळई माहीत नसलेला गवंडी क्वचित सापडेल.

आणि याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी आहे. २०२३ मध्ये मनोज जरांगे तिथे उपोषणाला बसले आणि महाराष्ट्राचं राजकारण तिथून हललं. पुढच्या वर्षी जवळच वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने बसले. काही किलोमीटरच्या अंतरात दोन उपोषणं. कोण बरोबर कोण चूक हा आजचा विषय नाही. मला दिसतं ते एवढंच, की दोन्हीकडची मुलं ज्या नोकऱ्यांसाठी घसा कोरडा करत होती त्या सरकारी नोकऱ्या. त्या हाताच्या बोटांवर मोजायच्या. तलाठ्याच्या, पोलिसाच्या थोड्या जागा निघतात आणि अर्ज येतात लाखांनी. पण जिथे रोज माणूस घेतला जातो आणि रोज काढला जातो, त्या एमआयडीसीच्या गेटवर कुणाचं उपोषण नाही. तिथे जागा कशी भरतात, याची जाहीर चर्चा मी तरी ऐकलेली नाही.

कशी भरतात? तुम्ही इथे काम करता, तुम्हीच मला सांगाल. भट्टीवरची, मिलवरची अंगमेहनतीची माणसं ठेकेदार आणतो. पुष्कळशी बिहारची, उत्तर प्रदेशची. एक जण आला की त्याच्या गावचे दहा येतात. ऑफिसातली, लॅबमधली, वजनकाट्यावरची, डिस्पॅचची जागा ओळखीतून जाते. कुणाचा तरी भाचा, कुणाच्या तरी गावचा, मालकाच्या सीएने पाठवलेला. जाहिरात येत नाही. जागा निघाली हे कळतं तेव्हा ती भरलेली असते. ‘सगेसोयरे’ हा शब्द सरकारी कागदात आल्यावर केवढी चर्चा झाली. खासगी नोकरीत सगेसोयरे पहिल्या दिवसापासून लागू आहेत, अधिसूचना न काढता! (हशा, टाळ्या)

यात वाईट काय, असं मालक विचारेल. अनोळखी माणसापेक्षा ओळखीचा बरा. लाखोंचा माल आहे, वितळलेलं लोखंड आहे, भरवसा लागतो. मला हे पटतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारलं, तर अर्ध्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतूनच मिळाली होती. तेव्हा हा जालन्याचा रोग नव्हे. पण ओळखीचा एक स्वभाव आहे. ज्या खुर्चीवर आधी कुणी आपलं बसलं आहे, तिथपर्यंतच ती पोचते. ज्या वस्तीतला एकही माणूस आजवर डिस्पॅचच्या टेबलावर बसला नाही, त्या वस्तीतल्या पोराला डिस्पॅचची चिठ्ठी कोण देणार? त्याच्या मामाची ओळख आहे, नाही असं नाही, पण ती भंगाराच्या यार्डात आहे. चिठ्ठी यार्डाचीच मिळते. कुणी कुणाचा द्वेष केला नाही. सगळ्यांनी आपापल्या माणसाला मदत केली. वीस वर्षांनी हजेरीपट उघडून बघा, यार्डात कोण आणि टेबलावर कोण.

हे मुंबईत आधी घडून गेलं आहे. गिरण्यांमध्ये माणूस घ्यायचा अधिकार व्यवहारात मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे होता. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले भरायचा. आणि गिरणीत एक खातं असं होतं जिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता: विणकामाचं, साच्यांचं खातं. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून ओढून घ्यायचं. ते तोंड लावून ओढायचे. त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचं तोंड लागणार, म्हणजे विटाळ! विणकाम खात्यात पगार जास्त. अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या रिंग खात्यात. एका भोकावरून पगाराची अख्खी उतरंड ठरली होती.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, सहाएक महिने चालला. पुढारी कम्युनिस्ट, कामगारांच्या एकजुटीवर बोलणारे. डॉ. आंबेडकरांनी त्यांना विचारलं की विणकाम खातं आमच्या माणसाला खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? ती घालायला लावताना त्यांना बरंच ताणून धरावं लागलं. नंतर फॉसेट समितीपुढे गिरणीमालकांनी जे सांगितलं, ते आजच्या विषयाच्या गाभ्याचं आहे. त्यांचा सूर असा, की अन्याय असेलही, पण त्याला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे मालकाने कुणाला अडवलं नव्हतं, कामगार म्हणत होते ही रीत आहे, मुकादम म्हणणार मी आपली माणसं भरतो. दोषी एकही नाही आणि दार मात्र बंद. जातीमुळे कामाची वाटणी होते एवढंच नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी होते, हा आंबेडकरांचा १९३६ मधला मुद्दा पुस्तकी वाटत असेल, तर त्याच्या मागे ही गिरणी ठेवून वाचा.

त्याच गिरणगावाला लागून असलेल्या दादरमध्ये अलीकडचा एक अभ्यास झाला, कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. कामगार जातींमधल्या मुलांना जातभाईंच्या ओळखीने कारखान्यात काम मिळायचं, म्हणून घरचे त्यांना मराठी माध्यमातच ठेवत. मुलींना तशी ओळख नव्हती, त्यांना कुणी चिठ्ठी देणार नव्हतं. तर नव्वदीनंतर काळ बदलला तेव्हा त्या मुलीच इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि भावांच्या पुढे गेल्या. म्हणजे ओळख ही खालच्या माणसाचाही आधार असते, आणि तीच त्याला जागेवर बांधूनही ठेवते. आधार आहे तोवर दोर दिसत नाही.

आता समोर बसलेल्या काही मुलांच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. माझ्या बापाला दोन एकर कोरडवाहू, तीन वर्षांत दोनदा सोयाबीन गेलं, डोक्यावर कर्ज, आणि हे सर मला विशेषाधिकारवाला म्हणतात? राग येणं साहजिक आहे. गरिबी खरी आहे, दुष्काळ खरा आहे. अमेरिकेतला गरीब गोराही असाच चिडतो. पण डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात काय केलं ते बघा. त्यांनी सारख्या वयाची, सारख्या चेहऱ्यामोहऱ्याची शिकलेली मुलं साध्या नोकऱ्या मागायला पाठवली, काही गोरी, काही काळी. काहींनी सांगायचं की मी तुरुंगात जाऊन आलो आहे. २००३ मध्ये निकाल छापला. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. तुरुंगाचं तोंडही न पाहिलेल्या काळ्याला १४ टक्के.

मी काय म्हणतोय ते नीट घ्या. तो गोरा मुलगा सुखी होता असं नाही. तुरुंगाचा डाग नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के बोलावणी आली, म्हणजे डागाने त्याचं निम्मं नुकसान झालंच. त्याच्यावरचं ओझं खरं होतं. फक्त त्याच्या पाठीवर दुसरं ओझं नव्हतं. दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या मुलाला भाड्याने खोली मागताना आडनाव सांगायची भीती वाटत नाही. मोबाइल वाजला आणि त्यावर कोणतं गाणं लागलं म्हणून सुपरवायझरचा चेहरा बदलत नाही. एवढंच. आणि या ‘एवढंच’चे पैसे होतात, महिन्याच्या महिन्याला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सरकारी नोकरीत भेदभाव करायचा नाही हे संविधानाच्या कलम १६ मध्ये आहे. खासगी ठिकाणी, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नोकरी-धंद्यात अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण त्यासाठी कुणीतरी कुणाला अडवलं हे दिसावं लागतं. चिठ्ठी दुसऱ्याला मिळाली, यात अडवलं कुणी? सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के माणसं स्थानिक घ्यावीत असं राज्याचं धोरण आहे, त्यावर भाषणंही भरपूर होतात. ते धोरण राज्य विचारतं, वस्ती विचारत नाही.

अमेरिकेत हा पेच एका वीजनिर्मिती केंद्रावरून सुटला. नॉर्थ कॅरोलायनातली ड्यूक पॉवर कंपनी. प्लांटमध्ये पाच विभाग, काळ्यांना फक्त लेबर विभाग. त्या विभागातला सगळ्यात मोठा पगार बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात छोट्या पगारापेक्षा कमी! १९६४ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि तो ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी कंपनीने परीक्षांची नवी अट आणली. वरच्या विभागांसाठी हायस्कूल पासची अट आधीपासून होतीच. अटी सगळ्यांना सारख्या. पण त्या भागात काळ्यांच्या शाळांची अवस्था काय होती ते सगळ्यांना माहीत होतं. आणि हायस्कूल पास नसलेले जुने गोरे कामगार तेच काम व्यवस्थित करत होते. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, तुमचा हेतू काय होता हे आम्ही विचारत नाही. या अटीचा परिणाम काय होतो ते बघतो, आणि कामासाठी ती लागते का ते तुम्ही दाखवा.

मला वाटतं आपल्याला उपयोगी असा याहून चांगला प्रश्न नाही. वजनकाट्यावर बसायला इंग्रजी कशाला लागतं?

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातील दोन प्रश्न येथे दिले आहेत.)

*प्रश्न (एक आयटीआय विद्यार्थिनी): सर, चिठ्ठीचं तुम्ही मुलांचंच बोललात. आम्हाला तर गेटवरच सांगतात, लेडीज नको.*

बरोबर आहे ताई. तुमच्या बाबतीत तर लपवालपवीही नाही, तोंडावर सांगतात. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ असं म्हणतात ना? मग विचारा, संडास नाही म्हणून नको की काम जमत नाही म्हणून नको? पहिलं असेल तर तो कारखान्याचा दोष आहे, तुमचा नाही.

*प्रश्न (एक लेबर ठेकेदार): साहेब, मी चाळीस माणसं पुरवतो. भट्टीवर एक चूक झाली तर माणूस जातो. ओळख सोडून अनोळखी कसा घेऊ?*

ओळख सोडू नका. भट्टीवर कुणाला उभं करायचं हे तुमच्याइतकं मला कळत नाही. पण चाळीसमध्ये हेल्पर किती, लोडिंगला किती? त्या जागांना काय धोका आहे? १९५९ मध्ये झालेल्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा रोजगार कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं, काही कामं वगळून. फक्त कळवायचं, माणूस तिथूनच घ्या असं नव्हतं. तेवढंही किती जणांनी केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही असं करा. पुढच्या महिन्यात पाच जागा निघाल्या तर गेटवर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा: काम काय, रोज किती, कुणाला भेटायचं. एक आयटीआयच्या बोर्डावर लावा. जे येतील त्यांना एक दिवस काम देऊन बघा, त्या दिवसाची मजुरी द्या, आणि तोवर गाव विचारू नका. कोण आले, कोणाला घेतलं, कोणाला का नाही घेतलं, हे एका वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन या, आपण दोघं बसून वाचू.